गिर्यारोहण तंबू

गिर्यारोहण तंबू हा सोसाट्याचा वारा, सतत कोसळणारा पाऊस आणि हिमवर्षाव यांत टिकाव धरण्यासाठी बनवलेला, पाठीवरून वाहून नेता येईल इतका हलका तंबू होय. हिमालयातील मोहिमा, हिवाळी पदभ्रमण आणि ध्रुवीय प्रवास यांत त्याचा वापर होतो. साधा पर्यटन तंबू आणि गिर्यारोहण तंबू दिसायला पुष्कळदा सारखेच असतात. फरक खांबांची संख्या व जाडी, आतील आवरणाचे कापड, बाह्य आवरणाची जमिनीपर्यंतची उंची आणि तणाव्यांसाठी दिलेल्या जागा यांत असतो. या तंबूच्या रचनेत एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या दोन गरजांचा मेळ घालावा लागतो. तंबू वाहणाऱ्याच्या पाठीसाठी तो हलका हवा असतो आणि त्यात झोपणाऱ्याच्या जिवासाठी भक्कम. दोन्ही गरजा बहुधा एकाच माणसाच्या असतात.

नाव आणि वर्गीकरण

तंबूसाठी मराठीत जुने व नेमके शब्द आहेत. मराठी लष्करी कागदपत्रांत डेरा, राहुटी, पाल आणि कनात हे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतात. दोन उभ्या काठ्या व एक आडवी काठी यांवर टाकलेला उतरत्या छपराचा छोटा तंबू म्हणजे राहुटी. तंबूच्या खांबाला चोब, जमिनीत ठोकायच्या खुंटीला मेख आणि ताणून बांधायच्या दोरीला तणावा म्हणतात. आजचे पदभ्रमण करणारे ‘टेंट’, ‘पोल’, ‘पेग’ आणि बाह्य आवरणासाठी ‘फ्लाय’ हे शब्द सर्रास वापरतात. दाराबाहेर फ्लायखाली राहणाऱ्या, सामान व बूट ठेवण्याच्या जागेला ‘व्हेस्टिब्युल’ म्हणतात. तिचे काम घराच्या ओसरीचेच असते.

उत्पादक तंबूंची विभागणी ‘तीन ऋतूंचा’ व ‘चार ऋतूंचा’ अशी करतात. ही मोजणी युरोप व अमेरिकेतील वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा या चार ऋतूंवर आधारलेली आहे; तीन ऋतूंचा तंबू म्हणजे हिवाळा सोडून इतर काळात वापरायचा तंबू. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनच ऋतू मोजणाऱ्या महाराष्ट्रातील ग्राहकाचा येथे सहज गैरसमज होतो. ‘तीन ऋतूंचा’ हे शब्द वाचून तो तंबू बारमाही समजला जातो आणि तोच डिसेंबरमध्ये केदारकंठाला नेला जातो. उलट ‘चार ऋतूंचा’ या शिक्क्याने पावसाळ्याची हमी मिळत नाही, कारण या मोजणीत सह्याद्रीतील पावसाळ्याला स्थानच नाही. या शिक्क्यांसाठी सर्वमान्य सक्तीचे मानक नसल्याने केवळ नावावरून तंबूची क्षमता ठरवता येत नाही.

इतिहास

आल्प्समधील गिर्यारोहणाच्या प्रारंभीच्या काळात इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड विंपर याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीस एक तंबू तयार केला. दोन्ही टोकांना कात्रीसारख्या जोडलेल्या लाकडी काठ्या, त्यांवर कापडाचे उतरते छप्पर आणि छपराला शिवलेली जमीन अशी त्याची रचना होती. जमीन शिवलेली असल्याने वारा खालून आत शिरत नसे. हा तंबू सुमारे १० किलो वजनाचा होता. त्यानंतर आल्बर्ट ममरी याने बर्फकुऱ्हाडींचाच खांब म्हणून उपयोग करणारा, दोन किलोंहून कमी वजनाचा छोटा तंबू वापरात आणला. एकाच वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही कल्पना आजच्या, चालण्याच्या काठ्यांवर उभ्या राहणाऱ्या अतिहलक्या तंबूंत टिकून आहे. ममरी १८९५ साली नंगा पर्वतावर मरण पावला.

तंबू गमावणे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण अंटार्क्टिकातील आहे. रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात, सूर्य न उगवणाऱ्या काळात, एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले. वाटेत तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तेथे वादळात त्यांचा तंबू उडून गेला आणि ज्या दगडी निवाऱ्यात ते होते त्याचे कापडी छप्परही फाटून गेले. तंबूशिवाय परतीचा प्रवास अशक्य होता. वादळ शमल्यावर तो जवळच्या उताराच्या पायथ्याशी जवळजवळ अखंड सापडला, म्हणून तिघे परत येऊ शकले. पुढच्याच वर्षी विल्सन आणि बॉवर्स हे स्कॉटसह दक्षिण ध्रुवावरून परतताना तंबूतच मरण पावले. तंबू उभा होता, परंतु अन्न व इंधन संपले होते. मोहिमेत वापरलेला पिरॅमिड आकाराचा तंबू थोड्याफार फरकाने अंटार्क्टिकात आजही वापरला जातो.

२८ मे १९५३ च्या रात्री एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,५०० मीटर उंचीवर, दोन पातळ्यांच्या अरुंद कड्यावर तंबू लावला. तेथे मेख ठोकण्याजोगी जमीन नव्हती. भुसभुशीत बर्फात प्राणवायूच्या नळकांड्या पुरून त्यांना तणावे बांधण्यात आले. सकाळी हिलरीचे बूट गोठून कडक झालेले आढळले आणि ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात बराच वेळ गेला.

१९६० च्या दशकात डॉन विलन्स याने पॅटागोनियातील वाऱ्यांसाठी पेटीच्या आकाराचा भक्कम तंबू बनवला. त्याची सुधारित आवृत्ती १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण भिंतीवरील ब्रिटिश मोहिमेत वापरली गेली. मोठा बदल मात्र १९७५ साली झाला. त्या वर्षी द नॉर्थ फेस या अमेरिकी कंपनीने बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीय घुमटाच्या कल्पनेवर आधारलेला ‘ओव्हल इंटेन्शन’ हा तंबू बाजारात आणला. लवचीक खांब एकमेकांना अनेक ठिकाणी छेदत असल्याने वाऱ्याचा भार एका खांबावर न राहता सर्व सांगाड्यात वाटला जाऊ लागला. आजचे बहुतेक उच्च शिबिरांचे तंबू याच कुळातले आहेत.

वारा आणि सांगाडा

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीवर ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा त्याच्या आड येणाऱ्या सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला की हा दाब चौपट, सुमारे ४८ किलो होतो. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असल्याने तोच दाब २९ किलोंच्या आसपास राहतो. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही: सारख्याच वेगाच्या वाऱ्याचा भार कोकणकड्यावर हिमालयातील उच्च शिबिरापेक्षा जास्त असतो. हिमालयातील तंबू मोडतात ते वाऱ्याचा वेग फार मोठा असल्यामुळे आणि वाऱ्याच्या जोडीला बर्फाचे वजन येत असल्यामुळे.

खांब प्रामुख्याने ७००१ व ७०७५ या क्रमांकांच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे असतात. स्वस्त तंबूंत काचतंतूंचे खांब असतात. ते जड असतात आणि थंडीत व वाकताना उभे चिरतात. कार्बनतंतूंचे खांब सर्वांत हलके असले तरी अतिरिक्त भाराखाली वाकून इशारा न देता एकदम तुटतात, म्हणून हिमशिबिरात ॲल्युमिनियमला पसंती मिळते. खांबाच्या व्यासातील थोडा फरकही महत्त्वाचा असतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास ८.५ मिलिमीटरवरून ९.५ मिलिमीटर केला, तर तिचा ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. वजन त्या मानाने थोडेच वाढते. काही तंबूंत एकाच खोबणीतून दोन खांब घालण्याची सोय असते. वादळाचा अंदाज असेल तेव्हा दुसरा जोड सोबत घ्यायचा, नसेल तेव्हा घरी ठेवायचा.

आकारानुसार गिर्यारोहण तंबूंचे चार मुख्य प्रकार मानता येतात. भूमितीय घुमट कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला सारखाच तोंड देतो आणि मेखा नसल्या तरी उभा राहतो. खडकावर किंवा कडक बर्फावर ही मोठी सोय असते, पण त्याचे वजन जास्त असते. बोगद्याच्या आकाराचा तंबू दिलेल्या वजनात सर्वाधिक जागा देतो. मात्र तो दोन्ही टोकांना ताणल्याशिवाय उभाच राहत नाही आणि त्याचे निमुळते टोक वाऱ्याकडे असावे लागते. रात्री वाऱ्याची दिशा पालटली आणि तो आडवा सापडला, तर त्याच्या लांब बाजू दबतात. स्वीडनमधील हिलेबर्ग कंपनीचे अशा प्रकारचे तंबू ध्रुवीय प्रवासात प्रसिद्ध आहेत; त्यांत आतील व बाहेरील आवरण जोडलेले असल्याने पावसात तंबू लावताना आतला भाग भिजत नाही. एका खांबावरचा पिरॅमिड तंबू हलका व सुटसुटीत असतो, पण सर्व भार त्या एका खांबावर येतो. चौथा प्रकार एकेरी आवरणाचा. दोन खांब कोपऱ्यातून कोपऱ्यात छेदणारा हा छोटा तंबू दीड-दोन किलोंचा असतो आणि अरुंद कड्यावर मावतो. कोरड्या व अतिथंड हवेसाठी तो उत्तम असला, तरी दमट हवेत आतून ओला होतो.

तणावे न बांधता लावलेला तंबू कितीही महाग असला तरी वादळात मोडू शकतो. खांबाचे काम ताठ राहण्याचे आणि तणाव्याचे काम त्याला वाकू न देण्याचे असते. पर्यटन तंबूंत चार-सहा तणावे असतात, तर चांगल्या गिर्यारोहण तंबूंत दहाहून अधिक. तणाव्याचे टोक केवळ फ्लायच्या कापडाला न बांधता आतून खांबालाही बांधता यावे, अशी पट्टी फ्लायच्या आतल्या बाजूस असणे हे भक्कम तंबूचे एक लक्षण आहे.

बर्फ

ताज्या कोरड्या बर्फाची घनता साधारणतः दर घनमीटरला ५० ते १०० किलो असते; वाऱ्याने दाबलेल्या किंवा ओल्या बर्फाची याच्या अनेक पट. शंभर किलो घनतेचा ३० सेंटिमीटर बर्फ तीन चौरस मीटर छपरावर साचला तर त्याचे वजन ९० किलो होते. म्हणून हिमतंबूचे छप्पर तीव्र उताराचे असावे लागते. माथा सपाट असेल तर बर्फ घसरत नाही, त्याच्या वजनाने खळगा पडतो आणि खळग्यात आणखी बर्फ साचतो. हिमवृष्टीत रात्री दोन-तीन तासांनी उठून आतून कापडावर थापट्या मारणे व बाहेर जाऊन बाजूंचा बर्फ फावड्याने काढणे हे काम आळीपाळीने करावे लागते. बाजूंचा बर्फ न काढल्यास छपरावरून घसरलेला बर्फ भिंती आत ढकलतो आणि फ्लायखालून येणारी हवा बंद होते.

नेहमीच्या बारीक मेखा भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. त्याऐवजी रुंद पन्हाळीसारख्या मेखा वापरतात, किंवा बर्फ भरलेली पिशवी, काठी, बर्फकुऱ्हाड, प्रसंगी दगड आडवा पुरून त्याला तणावा बांधतात. त्यावर बर्फ तुडवून काही वेळ थांबावे लागते. दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून अर्ध्या तासात तो इतका घट्ट होतो की सकाळी पुरलेली वस्तू कुऱ्हाडीनेच खणून काढावी लागते. तंबूखालची जागाही अशीच आधी बुटांनी तुडवून घट्ट होऊ द्यावी लागते. तशीच सोडल्यास झोपणाऱ्याच्या अंगाखाली रात्रभर खळगे पडतात आणि ते सकाळपर्यंत गोठतात.

आतील आवरण जाळीचे की कापडाचे, हा हिमतंबूच्या निवडीतील निर्णायक मुद्दा आहे. जाळी हलकी असते, डास अडवते आणि हवा खेळती ठेवते. परंतु वाऱ्याबरोबर उडणारा पिठासारखा बर्फ फ्लायखालून शिरून जाळीतून सरळ शयनपिशवीवर पडतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि पिसांची पिशवी ओली करतो. ओल्या पिसांत ऊब राहत नाही. हिमतंबूत त्यामुळे आतील आवरण मुख्यतः श्वसनक्षम कापडाचे, जाळीच्या खिडक्यांना बंद करता येणारे झाकण असलेले आणि फ्लाय जमिनीपर्यंत उतरणारी असते.

तंबूमुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा थोड्याच अंशांनी वाढते. ऊब देण्याचे काम शयनपिशवीचे आणि तिच्याखालच्या चटईचे असते. तंबू वारा व ओल अडवतो. जाड कापडाचा तंबू अधिक उबदार असतो, हा विक्रेत्यांकडूनही ऐकू येणारा समज बराचसा निराधार आहे.

कापड

फ्लायसाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर वापरतात. सारख्या वजनात नायलॉन अधिक चिवट असते, पण ओले झाल्यावर सैल पडते. संध्याकाळी ताणून लावलेला तंबू मध्यरात्री फडफडू लागतो व तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर कमी ताणते आणि उंचावरील तीव्र अतिनील किरणांत अधिक टिकते. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनिअर. अतिहलक्या तंबूंचे कापड १० ते २० डेनिअरचे, तर मोहिमेच्या तंबूंचे ४० ते ७० डेनिअरचे असते.

कापडाला पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन यांचा लेप दिलेला असतो. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त असून शिवणींवर आतून पट्टी चिकटवता येते. सिलिकॉनचा लेप कापडाची फाटण्यास विरोध करण्याची ताकद वाढवतो आणि बर्फ त्यावरून सहज घसरतो. मात्र त्यावर नेहमीची पट्टी चिकटत नसल्याने शिवणींना सिलिकॉनचाच द्रव लावावा लागतो. जलरोधकता पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने, मिलिमीटरमध्ये सांगतात. फ्लायसाठी १,५०० ते ३,००० मिलिमीटर पुरेसे असते. गुडघा टेकल्यावर खालून पाणी दाबले जाते म्हणून जमिनीसाठी त्याहून अधिक लागते. नौकांच्या शिडांसाठी विकसित झालेले डायनीमा तंतूंचे न विणलेले पातळ कापड सर्वांत हलके आहे. ते पाणी पीत नाही व सैल पडत नाही, परंतु फार महाग असते आणि टोकदार वस्तूने भोसकले जाते.

बाष्प, हवा आणि स्टोव्ह

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून एका रात्रीत काही शंभर मिलिलीटर पाणी बाहेर पडते. दोन माणसांच्या बंद तंबूत ते फ्लायच्या थंड आतल्या बाजूवर दव म्हणून, अतिथंडीत हिमकण म्हणून साचते. सकाळी वाऱ्याचा झोत आला की हे हिमकण अंगावर झडतात. उपाय हवा खेळती ठेवणे हाच आहे. खालची हवा बर्फाने कोंडली जात असल्याने हिमतंबूला माथ्याजवळ झरोके असावे लागतात आणि ते आतून उघडता-मिटता यावेत.

झरोक्यांचा दुसरा उपयोग जिवाशी निगडित आहे. हिमशिबिरात पिण्याचे पाणी बर्फ वितळवूनच मिळते आणि वादळात स्टोव्ह ओसरीत किंवा तंबूतच पेटवण्याचा मोह होतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे उंचीच्या आजारासारखीच असल्याने पहाडात ती ओळखली जात नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे थंडीमुळे दारे-खिडक्या बंद करून गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळमधील आठ पर्यटक मरण पावले. ती हॉटेलची खोली होती, तंबूची जागा तिच्या मानाने कितीतरी लहान असते. ओले किंवा बर्फाने मढलेले कापड जवळजवळ हवाबंद असते. अगदी नाइलाज असल्यास स्टोव्ह ओसरीत, दार व माथ्याचा झरोका उघडे ठेवून, कोणीतरी जागे असतानाच पेटवावा, असे गिर्यारोहण प्रशिक्षणात शिकवले जाते. पेटता स्टोव्ह ठेवून झोपी जाणे कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य मानतात.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळी पहाटे दव गोठते, तेवढाच बर्फाशी संबंध. तरीही मराठी गिर्यारोहकांची हिमालयाशी जुनी ओळख आहे. मुंबईच्या गिरिविहार या १९५४ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९८८ मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनगंगा मोहीम काढली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्ट शिखरावर पोहोचले. २०१९ मध्ये याच संस्थेने कांचनगंगा सर केले. अशा मोहिमांत पायथ्याच्या तळावर जड व प्रशस्त, तर वरच्या शिबिरांत छोटे, हलके व भक्कम तंबू असतात.

सर्वसाधारण पदभ्रमण करणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि बदलापूरलगतच्या सोनिवलीसारख्या भागांतून चंदेरी, ताहुली, मलंगगड हे डोंगर जवळ आहेत. येथे हिवाळ्यातील किमान तापमान दहा अंशांच्या आसपास असते. चंदेरीच्या माथ्याजवळ गुहा असल्याने तेथे तंबूची गरजही पडत नाही. या परिसरातील सवयीवर घेतलेला तंबू म्हणजे जाळीचा, हवेशीर, दीड-दोन किलोंचा. तो सह्याद्रीतील नोव्हेंबर ते मेसाठी योग्यच असतो. हिमालयातील हिवाळी पदभ्रमणात मात्र तो अपुरा ठरतो. उलट साडेतीन-चार किलोंचा मोहिमेचा तंबू हरिश्चंद्रगडावर नेल्यास ओझे वाढते आणि दमट हवेत आत घाम फुटतो. एकच तंबू दोन्हीकडे वापरण्याचा आग्रह धरण्यापेक्षा सह्याद्रीसाठी हलका तंबू विकत घेणे आणि हिमशिबिरासाठी भक्कम तंबू संस्थेकडून किंवा भाड्याने घेणे बहुतेकांना परवडते.

सह्याद्रीतील पावसाळा हीच हिमतंबूच्या बरोबरीची परीक्षा आहे. घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, कड्यावरून वारा खालून वर चढतो आणि कातळावर मेख ठोकता येत नाही. अशा वेळी बर्फातील पुरलेल्या पिशवीची जागा दगड घेतात. नवा तंबू मोहिमेवर नेण्यापूर्वी जून-जुलैच्या एखाद्या रात्री घराच्या गच्चीवर लावून पाहिल्यास शिवणींतील गळती, सैल पडणारे कापड आणि अपुरे तणावे घरीच उघडकीस येतात. अंधारात, हातमोजे घालून तंबू उभारण्याचा सरावही तेथेच करता येतो. खांबाची टोके अडकवण्याची चिमुकली बक्कले हातमोज्यांनी हाताळता न येणे हा दुकानात न दिसणारा दोष आहे.

केदारकंठा, ब्रह्मताल, सरपास यांसारख्या पदभ्रमणांत तंबू आयोजक पुरवतात. तेव्हा निवड सहभागी व्यक्तीच्या हाती नसली तरी आतील आवरण जाळीचे आहे काय, फ्लाय जमिनीपर्यंत येते काय, सर्व तणावे बांधले आहेत काय, एका तंबूत किती जण झोपणार आणि फावडे आहे काय, हे विचारता येते. उत्पादकाने ‘तिघांचा’ म्हटलेला तंबू जाड कपडे व सामान धरून हिमशिबिरात दोघांनाच पुरतो. वजनाची तुलना करताना मेखा, तणावे व पिशवीसह एकूण वजन पाहणे आवश्यक असते. जाहिरातीत पुष्कळदा केवळ खांब व कापडाचे वजन दिलेले असते. दुहेरी आवरणाचे दोन माणसांचे हिमतंबू साधारण अडीच ते साडेचार किलोंचे असतात आणि हे ओझे दोघांत वाटले जाते. एकट्याने जाणाऱ्याला ही सोय नसते.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याल म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. त्यामुळे त्या राज्यातील अनेक मार्गांवरील शिबिरांच्या जागा बदलल्या.

मर्यादा

तंबू वारा आणि ओल यांपासून बचाव करतो, हिमप्रपातापासून नाही. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपानंतर कोसळलेल्या हिमप्रपाताच्या हवेच्या झोताने एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावरील तंबू उद्ध्वस्त झाले आणि अनेकांचे प्राण गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमधील सोनम चौकी बर्फाखाली गाडली जाऊन दहा जवान सापडले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद हे सहा दिवसांनी तंतुप्रबलित तंबूखालच्या हवेच्या पोकळीत जिवंत आढळले, परंतु तीन दिवसांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. उरल पर्वतातील द्यातलोव्ह खिंडीत १९५९ मध्ये नऊ जणांनी तंबू आतून फाडून रात्री बाहेर धाव घेतली व थंडीत सर्व मरण पावले. तंबूसाठी उतारात खोदलेल्या खाचेमुळे वरचा बर्फाचा थर काही तासांनी घसरला असावा, असे प्रतिपादन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आले. जागेची निवड तंबूच्या निवडीआधी येते, हे या तिन्ही घटनांत समान आहे.

तंबू जवळ नसण्याचे परिणाम वेगळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात झालेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांतील अनेक जण थोरांग खिंड ओलांडताना निवाऱ्याविना सापडले होते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या गटातील ९ जण हिमवादळात मरण पावले. मुक्कामाचे तंबू खालच्या शिबिरात ठेवून दिवसभराची चढाई करणाऱ्या गटाने निदान एक हलके आपत्कालीन आवरण सोबत बाळगावे, असा सल्ला अशा घटनांमुळे दिला जातो. सर्वांना एकत्र झाकणारी, खांब नसलेली अशी कापडी पिशवी अर्धा-एक किलोची असते.

निगा

तंबू ओला गुंडाळून ठेवल्यास कापडावर बुरशी येते आणि पॉलियुरेथेनचा लेप बाष्पामुळे विघटित होऊन चिकट व दुर्गंधीयुक्त होतो. कोकण व ठाण्याच्या दमट हवेत हे एका पावसाळ्यातही घडू शकते. म्हणून परतल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवून, घट्ट गुंडाळी न करता, सैल सुती पिशवीत ठेवतात. खांबाचे तुकडे जोडताना ते झटकून सोडल्यास टोकांना चिरा पडतात. त्या वादळात उघड्या पडतात. तुटलेल्या खांबावर सरकवायची छोटी नळी, चिकटपट्टी, सुई-दोरा आणि दोन जादा मेखा एवढे दुरुस्तीचे साहित्य तंबूच्याच पिशवीत असावे लागते. चेनमधील वाळू व बर्फ झटकून ती कोरडी ठेवली जाते, कारण गोठलेली चेन जोराने ओढल्यास दाते निखळतात आणि दार उघडे राहते.

हलक्या कापडाला घरगुती धुलाई यंत्रात धुतल्यास लेप निघतो. कोमट पाणी, सौम्य साबण व स्पंज पुरेसे असतात. शिवणींवरील द्रव दर एक-दोन वर्षांनी नव्याने लावावा लागतो.